सासऱ्यांच्या बंदुकीची माशी

लग्न झाल्यापासून माझे सासरे माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते, आणि तरीही त्यांच्या घरून मी कधी उपाशी उठलो नाही. मी गेलो की ते भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, 'पाहुण्यांना पाणी द्या.' भिंत काही हलत नसे, सासूबाई हलत. जेवताना त्यांची नजर दारातल्या कुत्र्यावर असे. 'भात घ्यायला सांग त्यांना,' असं ते कुत्र्याला सांगायचे आणि माझ्या ताटात भात पडायचा. भांडण म्हणावं तर कधी झालं नाही. अपमान म्हणावा तर पोटभर जेवून कसला अपमान? पहिल्या वर्षी मला या प्रकाराचा भयंकर राग यायचा. दुसऱ्या वर्षी मी कुत्र्याशी बरी ओळख करून घेतली.

आमचं लग्न २०१४ सालचं. बायको तलासरीच्या पूर्वेकडची, डोंगरातल्या एका पाड्यावरची. घरची शेती भाताची आणि नागलीची. ती नर्सिंग शिकायला डहाणूत आली, तिथेच एका दवाखान्यात लागली, आणि त्याच दवाखान्यात मी बोटात घुसलेली पोलादाची कपची काढून घ्यायला गेलो. कपची लगेच निघाली, पण पट्टी बदलायला मी पुढे बरेच दिवस जात राहिलो. मी डहाणूजवळच्या चिखल्याचा, धंद्याने डाय-कारागीर. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा. त्यावर छिन्नीने उलटी नक्षी कोरायची, मग सोनार त्यावर सोन्याचा पातळ पत्रा दाबून फुलं, पानं, मणी उठवतो. आमच्या किनाऱ्यावर बऱ्याच घरांत हे काम चालतं. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून बसायचं आणि केसाएवढी रेघ सरळ आहे की नाही ते बघायचं. वाकडं काही दिसलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते, ती या धंद्यामुळे की जन्मजात, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.

जावई दुसऱ्या जातीचा, हे सासऱ्यांना खुपलं असणारच. पण खरं दुखणं वेगळं होतं. मुलीने त्यांना विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. त्यांनी लग्न मोडायचा प्रयत्न केला नाही, आरडाओरडा केला नाही. फक्त मला कुत्र्यामार्फत जेवायला वाढायचं आणि चिखल्याला पाऊल ठेवायचं नाही, एवढं ठरवून टाकलं. मुलगी झाली, तिच्या बारशाला सासूबाई आल्या, मेव्हणा आला, शेजारच्या पाड्यावरची माणसं जीप करून आली. सासऱ्यांची लावणी राहिली होती म्हणे. त्या दिवशी रस्त्यावर रिक्षा वाजली की ही ओटीवर जाऊन यायची. पाहुणे परत गेल्यावर ती न्हाणीघरात बराच वेळ तोंड धूत होती आणि मी बाहेर उभा राहून सासऱ्यांना मनातल्या मनात काय वाटेल ते बोललो.

तिचं मागणं फार नव्हतं. बापाने एकदा आपल्या घरी यावं, आपण मांडलेल्या घरात आपल्या हातचं जेवावं. माहेरी जाताना घोलवडकडून जवळ पडलं असतं, पण तिला नेहमी महामार्गाने, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीवरून जायचं असे. देऊळ आलं की ती खिडकीतून हात जोडायची. काय मागते म्हणून मी कधी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं.

आता बंदुकीकडे येतो. सासऱ्यांकडे एक छर्ऱ्याची बंदूक होती. नळी बिजागरीपाशी मोडून भरायची, लाकडी दस्त्याची, जुनी. तिच्यावर त्यांचा भारी जीव. भाताची झोडणी झाली की खळ्यावर पाड्यातली माणसं जमत, बांबूला दोऱ्याने लिंबं टांगत आणि नेम धरत. या खेळात सासऱ्यांना तोड नव्हती. इतरांचे छर्रे डोंगरात जायचे आणि यांची लिंबं एकामागून एक फुटायची. मी हे दोनदा पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा राग विसरून टाळ्या वाजवल्या होत्या. त्यांनी अर्थातच कुत्र्याकडे बघून मान हलवली होती.

२०१७ च्या पावसाळ्यानंतर आम्ही गेलो तेव्हा बंदुकीने मान टाकली होती. चाप ओढला की नुसतं फुस्स व्हायचं आणि छर्रा अर्ध्या अंगणात पडायचा. सासरे ओटीवर ती मांडीवर घेऊन बसले होते आणि चेहरा घरात कुणी आजारी असावं तसा. माझ्या बायकोने संधी साधली. बापाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली की ह्यांना द्या, पोलादाचं काहीही ह्यांना जमतं. मी तिच्याकडे डोळे वटारले. मी आयुष्यात बंदूक उघडली नव्हती. सासऱ्यांनी कुत्र्याकडे मान वळवली. मग त्याला म्हणाले, 'नेऊ दे. पण खळ्याच्या आधी पाहिजे.' माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तीन वर्षांत त्यांनी माझ्यावर सोपवलेली ही पहिली गोष्ट होती.

घरी येऊन मी बंदूक बाकावर घेतली आणि त्या क्षणापासून डायची कामं बाजूला पडली. आधी दस्ता काढला. त्याचे स्क्रू इतके ढिले झाले होते की बोटाने फिरले. नुसतं एवढ्यानेही नेम बिघडतो हे मला नंतर कळलं, कारण दर वेळी उडवताना बंदूक लाकडात नव्या जागी बसते. मग मागची कळ सोडवली आणि आतली स्प्रिंग सुटून थेट शेजाऱ्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन आदळली. कोंबड्या आठवडाभर आमच्या हद्दीत आल्या नाहीत. शेजारीण मात्र रोज यायची, स्प्रिंग जागेवर आहे का विचारायला.

आतला प्रकार बघून मी खूश झालो. किती साधं यंत्र. नळी मोडली की स्प्रिंग दबते, चाप ओढला की ती दट्ट्या पुढे ढकलते, दट्ट्याच्या तोंडावर चामड्याचा वॉशर असतो, आणि त्या वॉशरने कोंडलेली हवा छर्ऱ्याला बाहेर हाकलते. वॉशर वाळून पापडासारखा झाला होता. डहाणू रोड स्टेशनजवळच्या चांभाराकडून मी चांगलं चामडं आणलं, वॉशर कापला, तेलात मुरत ठेवला. नवी स्प्रिंग एका सोनाराच्या मुंबईच्या फेरीत मागवली. तिची टोकं घासून सपाट केली, म्हणजे ती दबताना तिरकी होणार नाही. नळीच्या बिजागरीत खेळ होता, तिथे पितळेची पातळ चकती बसवली. नळीच्या तोंडाशी एक टवका उडाला होता, तो भिंगाखाली धरून इतका मऊ केला की बोट फिरवत राहावंसं वाटावं. आत वंगण जरा सढळ हाताने घातलं. पहिला छर्रा उडवला तेव्हा दिवाळीतल्या बॉम्बसारखा आवाज झाला आणि नळीतून निळा धूर निघाला. वंगणाने आत पेट घेतला होता. पोरगी आनंदाने किंचाळली, शेजारीण परत आली. वंगण पुसून काढल्यावर बंदूक शहाण्यासारखी वागू लागली.

मग माझी नजर माशीवर गेली. नळीच्या टोकाशी नेम धरायला जो बारीक खुंट असतो ना, त्याला माशी म्हणतात. मागे एक खाच असते. खाचेतून माशी बघायची आणि माशीवर लिंबू. या बंदुकीची माशी डावीकडे कललेली होती, कुणीतरी दगडाने ठोकल्यासारखी. मागची खाचही एका बाजूने कानशीने वाढवलेली होती, तीसुद्धा वेडीवाकडी. मी भिंग लावून ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. इतक्या वर्षांत एवढं वाकडं कुणाला दिसलं नाही? माझ्या बाकावर असलं काम घेऊन कुणी कारागीर आला असता तर मी त्याला उंबऱ्यातूनच परत पाठवला असता. ती संध्याकाळ मी आयुष्यातल्या सुखाच्या संध्याकाळींत धरतो. माशी हळूहळू, अंदाज घेत सरळ केली. खाच भरून काढली आणि नवी कोरली, बरोब्बर मध्यावर.

बायकोच्या टिकल्यांचं पाकीट घेतलं, पुठ्ठ्यावर एक टिकली चिकटवून पुठ्ठा चिकूच्या झाडाला टांगला आणि ओटीवरून नेम धरला. बंदूक घट्ट आवळून धरली तर ती उसळते, तळहातावर सैल ठेवली तर गुणाने वागते, हे शिकायला बऱ्याच टिकल्या गेल्या. पण एकदा जमलं तेव्हा छर्रे एकाच भोकातून जाऊ लागले. मी बायकोला हाक मारली. ती पुठ्ठा बघून नुसती हसली, आणि तिच्या त्या हसण्यात मला चिखल्याच्या रस्त्यावर तिच्या बापाला घेऊन येणारी रिक्षा दिसली.

खळ्याच्या दिवशी आम्ही पोचलो. झोडणी आटोपली होती, पेंढा रचून झाला होता, खळ्याला शेणाचा आणि नव्या भाताचा वास होता. मी बंदूक दोन्ही हातांनी सासऱ्यांपुढे धरली. त्यांनी नळी मोडून पाहिली, मिटवून पाहिली, आणि बिजागरी गप्पकन बसल्यावर त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मला तेवढं पुरलं. लोक जमले, बांबूला लिंबं टांगली गेली. सासऱ्यांनी छर्रा भरला, बंदूक खांद्याला लावली आणि चाप ओढला.

लिंबू हललंसुद्धा नाही.

लोक हसले, म्हणाले, पहिला वाऱ्याला दिला. दुसराही गेला. तिसऱ्यालाही लिंबू जिथल्या तिथे. मग हसणं बंद झालं. सासऱ्यांनी बंदूक खाली घेऊन नळीकडे पाहिलं, परत नेम धरला, आणि छर्रा डावीकडच्या पेंढ्यात शिरताना मी स्वतः पाहिला. पाड्यातला एक चुलत मेव्हणा आहे, त्याचा नेम इतका वाईट की तो बंदूक उचलतो तेव्हा लोक पोरांना आत घेतात. त्याने गंमत म्हणून बंदूक मागितली आणि पहिल्याच छर्ऱ्याला लिंबू फोडलं. सगळ्यात जास्त आश्चर्य त्यालाच वाटलं. त्याने दुसरंही फोडलं. मग आणखी दोघांनी फोडली. शेवटी जेवायला बोलवायला आलेल्या सासूबाईंच्या हातात कुणीतरी बंदूक दिली. त्यांनी जन्मात कधी धरली नव्हती. त्यांनी डोळा मिटला, चाप ओढला, लिंबाचा रस उडाला, आणि खळं हसून हसून लोळायला लागलं. त्याही पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग त्यांचं नवऱ्याच्या रिकाम्या जागेकडे लक्ष गेलं आणि त्यांनी बंदूक खाली ठेवली. सासरे बैलांना पाणी दाखवायला निघून गेले होते.

बायकोने मला घरामागे गाठलं. काय करून ठेवलंत, एवढंच तिने विचारलं, पण ज्या आवाजात विचारलं तो मला नको होता. माझाही पारा चढला. मी म्हणालो की बंदूक आता जशी आहे तशी कारखान्यातून निघाली तेव्हाही नसेल, तुझ्या आईने लिंबू फोडलं, आणखी काय पुरावा पाहिजे. ती म्हणाली की पुरावा मला नको, माझा बाप मला पाहिजे. मी तिथेच पेंढ्यावर बसून राहिलो आणि मला स्वतःचा, बंदुकीचा आणि एकंदर सरळपणाचा कंटाळा आला.

उजेड होता तोवर सासरे अंगणात नातीला घेऊन बसले होते. तिच्या तळहातात भाताचं कुसळ गेलं होतं. ते काढायला त्यांनी तिचा हात जवळ घेतला, मान उजवीकडे पूर्ण वळवली आणि हात डाव्या डोळ्यासमोर आणला. मी ओटीवरून बघत होतो. कुसळ निघालं, पोरगी हसली, आणि मी ताडकन उभा राहिलो. मान अशी वळवताना मी रोज बघतो. आमच्या धंद्यात ज्याचा एक डोळा कामाचा आणि एक नुसता नावाचा, तो भिंगाशी अशीच मान करतो. सासरे बंदूक उजव्या खांद्याला लावायचे पण बघायचे डाव्या डोळ्याने, दस्त्यावरून तिरके. आणि त्या तिरक्या नजरेला जुळावी म्हणून माशी कुणी दगडाने ठोकली होती आणि खाच कुणी कानशीने वाढवली होती, ते मला आता लख्ख कळलं. ते वाकडं काम नव्हतं. ते फार नामी काम होतं, फक्त एका माणसासाठी केलेलं, आणि मी ते घासून टाकलं होतं.

हे सगळं पळत जाऊन बायकोला सांगावंसं वाटलं, पण जीभ आवरली. डोळ्याचं त्यांनी घरात कुणाला कळू दिलेलं नव्हतं, ते माझ्या तोंडून कळणं बरं नव्हतं. जेवताना मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो की बंदुकीचा एक स्क्रू माझ्याकडून ढिला राहिला, उद्या सकाळी परत बसवावी लागेल, आणि ज्याची बंदूक त्यानेच उडवून दाखवल्याशिवाय ती बसणार नाही. चुलत मेव्हणा म्हणाला की मी उडवतो की. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो भाताकडे वळला. सासऱ्यांनी कुत्र्याला आणखी आमटी घ्यायला सांगितली, म्हणजे माझ्या वाटीत वाढायला लावली.

सकाळी खळ्यावर आम्ही दोघंच, आणि कुत्रा. बंदूक बसवायची रीत अशी असते की एकाने उडवायची आणि दुसऱ्याने निशाणाजवळ उभं राहून छर्रा कुठे लागला ते सांगायचं. मी बांधाच्या पलीकडे सागाचं मोठं पान काट्याने टोचून लावलं, मध्यावर सासऱ्यांच्या तंबाखूच्या डबीतल्या चुन्याचा ठिपका दिला आणि आंब्याच्या खोडाआड जाऊन उभा राहिलो. पहिला छर्रा सुटला. मी बाहेर येऊन पान पाहिलं.

सासरे कुत्र्याला म्हणाले, 'विचार त्यांना, कठं लागला.'

मीही हट्टाला पेटलो. आंब्याकडे तोंड करून मी म्हणालो, 'सांग त्यांना, वीतभर डावीकडे.' मग मी त्यांच्याजवळ गेलो, माशीला छिन्नी लावली आणि हलकेच डावीकडे ठोकलं. छर्रा ज्या बाजूला चुकतो त्याच बाजूला माशी सरकवायची असते. परत निशाणाकडे आलो. परत छर्रा, परत कुत्रा, परत आंबा. आमचं काम असं झकास चाललं होतं, तोच सासूबाईंनी घराकडून भांडं वाजवलं आणि कुत्रा शेपूट हलवत शिळ्या भाकरीकडे निघून गेला.

सासऱ्यांनी चाप ओढला. मी बाहेर आलो, पान पाहिलं आणि उभा राहिलो. ते तिकडे बंदूक घेऊन उभे, मी इकडे. मी मनात म्हटलं, आता विचारल्याशिवाय सांगणार नाही, काय व्हायचं ते होऊ दे. त्यांनी कुत्रा गेला त्या वाटेकडे पाहिलं. बैलांकडे पाहिलं, पण बैल लांब होते. पेंढ्याच्या उडवीकडेही पाहिलं. वारा सुटला होता, पान फडफडत होतं.

'कठं लागला रं?' त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघून.

तीन वर्षं मी या वाक्याला काय काय टोमणे मारून उत्तर द्यायचं ते ठरवलं होतं. त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हणालो, 'डावीकडं, मामा. चार बोटं.'

'मंग ये ना, ठोक.'

मी पळत गेलो. त्यानंतर आमची गाडी जी सुरू झाली ती थांबेना. ते तिकडून ओरडायचे, मी इकडून. वर गेला, खाली गेला, जरा दम धरा, आता बघा, आता नको हात लावू, जास्त ठोकलीस, अहो मामा, तुम्ही चाप झटका देऊन ओढता, अरे तू मला शिकवतोस? जेवढं बोलणं तीन वर्षांत व्हायला हवं होतं तेवढं त्या सकाळी झालं आणि त्यातलं निम्मं वादावादीचं होतं. मला इतका आनंद झाला होता की छिन्नी दोनदा बोटावर बसली आणि कळलंसुद्धा नाही. खाच कुठे वाढवायची ते मात्र मी त्यांनाच विचारलं. ते कानस हातात घेऊन माझ्या शेजारी बसले आणि डाव्या डोळ्याजवळ खाच धरून घासू लागले. घासता घासता, मान वर न करता, ते हळू आवाजात म्हणाले, 'उजवा बारीकपणी भाताच्या तुसानं गेला. घरात ठाव नाय कोणाला. तू वळखलंस ते वळखलंस. बोलू नको.'

मी म्हणालो, 'नाही बोलणार.' आणि नाही बोललो. पुढच्या वर्षी त्यांनी आपणहून हिच्यासमोर डोळ्याची गोष्ट काढली, डहाणूला तपासून घेतलं, तेव्हा कुठे माझी सुटका झाली.

ऊन चढलं तेव्हा छर्रा चुन्याच्या ठिपक्यातून आरपार गेला. दुसराही तिथेच गेला. मी पान काढून सूर्यासमोर धरलं, भोकातून उजेडाची बारीक काडी सासऱ्यांच्या सदऱ्यावर पडली आणि ते पोरासारखे हसले. मग त्यांनी लिंबं टांगायला लावली, पाड्याला हाका मारल्या, आणि माणसं जमेपर्यंतही त्यांना दम निघाला नाही, दोन लिंबं आधीच फोडली. चुलत मेव्हण्याला त्यांनी स्वतः बंदूक दिली. त्याचा छर्रा डोंगरात गेला. जगाची घडी पुन्हा नीट बसल्याचा आनंद सासऱ्यांच्या तोंडावर मी पाहिला. सासूबाईंनी मात्र बंदुकीला हात लावायचं साफ नाकारलं. आपलं एक लिंबू त्यांना जन्मभर पुरणार होतं.

दुपारी आम्ही परत निघालो. नव्या तांदळाची पिशवी सासऱ्यांनी स्वतः उचलली आणि रस्त्यापर्यंत आले, जसे दर वेळी येतात. बायको पुढे चालली होती, कडेवर पोरगी. ती वळून वळून आमच्याकडे बघत होती, कारण सासरे मला छर्रे कुठल्या दुकानातले घ्यावेत आणि कुठल्या दुकानातले अजिबात घेऊ नयेत, हे सांगत होते. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या पाण्याला मी आता घाबरलो नाही. तलासरीची जीप आली. ती आत बसली, मी तिच्या शेजारी बसलो, सासऱ्यांनी पिशवी आमच्या पायाशी ठेवली. मी त्यांना नमस्कार करायला हात जोडले.

ते बाजूला झाले नाहीत. जीपच्या दारात एक पाय ठेवून त्यांनी ड्रायव्हरला विचारलं की तलासरीहून डहाणूची गाडी लगेच मिळते का. ड्रायव्हर म्हणाला, मिळते. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. घराकडे बघून त्यांनी सासूबाईंना हाक मारली नाही, काही सांगितलं नाही, बरोबर अंगावरच्या कपड्यांखेरीज काही घेतलं नाही. ते आत चढले, वाकून माझ्याजवळ आले, आणि माझ्या खांद्याला कोपराने ढोसून म्हणाले, 'सरक जरा.'

मी सरकलो. माझ्या दुसऱ्या बाजूला बायकोने पोरीच्या केसांत तोंड खुपसलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. ड्रायव्हरने विचारलं, निघू का? मी म्हणालो, निघ बाबा, लवकर निघ.